चिठ्ठीचें पुनर्मुद्रण

कोणत्याहि ग्रंथाची पहिली आवृत्ति निघते तेव्हां तिची काळजी वाहणारे पुष्कळ असतात. लेखक डोळ्यांत तेल घालून मुद्रितें तपासतो, प्रकाशक कागद निवडतो, परीक्षक गुणदोष काढतात. तोच ग्रंथ दहा वर्षांनीं पुन्हां छापतांना मात्र जुनी प्रत छापखान्याकडे पाठवून दिली कीं काम संपलें असें सर्वांस वाटतें. आणि पहिल्या आवृत्तींत अनवधानानें राहिलेले मुद्रणदोष अशा रीतीनें चिरंजीव होतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीची गोष्ट ह्याहून निराळी नाहीं. नवीन दुखणें उद्भवलें म्हणजे घरांतील वडील माणसापासून शाळकरी मुलापर्यंत सर्वजण चिठ्ठीभोंवतीं जमतात, अक्षर लावतात, गोळी जेवणापूर्वीं कीं जेवणानंतर ह्याचा खल करतात. पण तीच चिठ्ठी महिन्यामागून महिना औषधांच्या दुकानांत जाऊं लागली म्हणजे ती चिठ्ठी राहत नाहीं. ती वाण्याची यादी होते. ह्या 'पुन्हां तेंच' औषधाविषयीं चार शब्द लिहावे असें बरेच दिवस आमच्या मनांत होतें. आमच्या मतें पहिल्या चिठ्ठीपेक्षां बाराव्या वेळीं चाललेल्या त्याच चिठ्ठींत धोका अधिक असतो. आणि तो धोका कोणाच्या वाईटपणांतून येत नसून सर्वांच्या चांगुलपणांतून येतो.

आमच्या लहानपणीं दुखणें हें पाहुण्यासारखें असे. हिंवताप यावा, आठ दिवस राहावा, घरांतल्यांचा जीव मेटाकुटीस आणावा, आणि निघून जावा. आतां पन्नाशीच्या सुमारास जीं दुखणीं बिऱ्हाड करावयास येतात, तीं जुन्या वाड्यांतील भाडेकरूंसारखीं असतात. एकदां आलीं कीं जागा सोडीत नाहींत. फरक इतकाच कीं येथें भाडेंहि आपणच भरावयाचें. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइडची मंदता, रक्तांतील वाढलेली चरबी ह्यांपैकीं एकहि बिऱ्हाडकरू ज्या घरीं नाहीं, असें घर आमच्या ओळखीच्या मंडळींत क्वचितच सांपडेल. आमच्याकडे स्वतःचे दोन आहेत, आणि आमच्या सौभाग्यवतींकडे एक.

ह्या भाड्याचें गणितहि साधें नाहीं. महिना कधीं तीस दिवसांचा, कधीं एकतीस; गोळ्यांचें पाकीट, ज्यास हल्लीं सर्वजण 'स्ट्रिप' म्हणतात, तें मात्र कोणी कारखानदार दहांचें करतो, कोणी चौदांचें, कोणी पंधरांचें. अशा तीन प्रकारच्या गोळ्या एकाच दिवशीं सुरू करून रोज एकेक घेतली, तर तिन्ही पाकिटें पुन्हां एकाच दिवशीं संपण्यास २१० दिवस लागतात. ग्रहांच्या युतीची वाट पाहावी तशी ह्या योगाची वाट पाहावी लागते. मधल्या काळांत कोणती ना कोणती गोळी संपतच असते, आणि ती बहुधा रविवारीं रात्रीं संपते. दुकानदार नड ओळखून कात्रीनें पाकिटाचा चार गोळ्यांचा तुकडा कापून देतो. तेव्हां पुष्कळदां औषधाचें नांव एका तुकड्यावर राहतें, आणि मुदत संपण्याची तारीख दुसऱ्यावर.

पूर्वीं, आणि लहान गांवांत आमच्या बाळपणापर्यंतहि, ही अडचण फारशी नव्हती. डॉक्टर आणि औषधांचें दुकान हीं दोन निराळीं स्थळें नव्हतीं. दवाखान्यांतल्याच फळीआड कंपाउंडर बसे. रोगी घरून धुतलेली बाटली घेऊन जाई. कंपाउंडर तींत लाल किंवा पिवळें मिश्रण भरी आणि बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी डकवी. तिच्या एकेका दाताला एकेक डोस समजावयाचा. बाटली संपली म्हणजे 'तेंच द्या' असें सांगण्यास रोग्यास पुन्हां त्याच दारांत यावें लागे, आणि पलीकडून डॉक्टर 'जीभ दाखवा' म्हणत. तें औषध साधें असे, व पुष्कळदां निरुपयोगीहि असे. पण बाटली भरणें आणि रोग्यास पुन्हां पाहणें हीं दोन कामें एकाच वेळीं होत. पुढें औषधें प्रभावी झालीं, तीं कारखान्यांत तयार होऊं लागलीं, दवाखाना एका रस्त्यावर राहिला आणि दुकान दुसऱ्या रस्त्यावर गेलें. ह्या विभक्तपणांत लाभ मोठा झाला ह्यांत संशय नाहीं. परंतु रोग्याची स्मृति कोणाच्या वांट्यास गेली, हें वांटणीपत्रांत लिहावयाचें राहून गेलें.

कायद्याचें ह्याकडे लक्ष नव्हतें असें मात्र नाहीं. १९४० च्या औषधविषयक कायद्याखालीं १९४५ सालीं जे नियम झाले, त्यांतील पासष्टावा नियम सुशिक्षित गृहस्थानें एकदां तरी वाचण्यासारखा आहे. चिठ्ठी लेखी असावी. तिजवर डॉक्टरांची सही व तारीख असावी. रोग्याचें नांव व पत्ता असावा. औषध एकूण किती द्यावयाचें व त्याचा डोस काय हें लिहिलेलें असावें. पुढें 'एच' अनुसूचींतील औषधांसंबंधानें असें सांगितलें आहे कीं, एकाहून अधिक वेळां औषध द्यावें असें डॉक्टरांनीं स्वतः लिहिलें नसेल, तर त्या चिठ्ठीवर तें दुसऱ्यांदा देऊं नये. किती वेळां व किती अंतरानें द्यावें हें लिहिलें असेल, तर त्याप्रमाणेंच द्यावें. आणि प्रत्येक वेळीं डॉक्टरांच्या सहीवर दुकानाचें नांव, पत्ता व तारीख नोंदवावी. म्हणजे पुनरावृत्ति हा रोग्याचा हक्क नसून डॉक्टरांनीं दिलेली मोजकी परवानगी आहे, हें तत्त्व आपल्या नियमांत पाऊणशें वर्षांहून अधिक काळ बसून आहे.

तथापि दुकानाच्या फळीवर निराळेंच शास्त्र चालतें. तेथें चिठ्ठीच्या जागीं रिकामें पाकीट चालतें. पाकीट नसेल तर मोबाइलवरील छायाचित्र चालतें. तेंहि नसेल तर 'ती लहान पांढरी, बी.पी.ची' एवढें वर्णन पुरतें. ह्याबद्दल दुकानदारास दोष देणें सोपें आहे. पण त्याच्या फळीआड क्षणभर उभें राहून पाहिलें पाहिजे. समोर एक निवृत्त कारकून उभा आहे. नियमाप्रमाणें नवी चिठ्ठी आणावयाची, तर त्यानें अर्धा दिवस दवाखान्याच्या बांकावर घालवावा, आणि 'तेंच चालू ठेवा' हे तीन शब्द ऐकण्यासाठीं पुरी फी द्यावी. त्यास परत पाठविलें, तर तो बहुधा डॉक्टरांकडे जाणार नाहीं. गोळीच सोडून देईल. दुकानदार हें जाणतो. म्हणून नियम मोडून तो जें करतो, तें पुष्कळ वेळां रोग्याच्या हिताचेंच ठरतें.

ह्याच प्रश्नाची दुसऱ्या देशांतील व्यवस्था पाहण्याचा योग आम्हांस आला. आमचे धाकटे बंधु इंग्लंडांत स्थायिक झाले आहेत, आणि २०२३ च्या उन्हाळ्यांत आम्ही दोन महिने त्यांच्याकडे राहिलों. तेथें डॉक्टरांच्या दवाखान्यास 'सर्जरी' म्हणतात. इंग्रजी साहित्यावर उपजीविका करणाऱ्या आमच्यासारख्या माणसालाहि तो शब्द ऐकून प्रथम शस्त्रेंच आठवतात. १९४८ च्या ५ जुलैला तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. प्रत्येक रहिवाशानें एका सर्जरींत नांव नोंदवावयाचें, व त्याचे सर्व कागद तेथें राहावयाचे, ही तिची रीत आहे. कायमचें औषध डॉक्टर 'रिपीट' यादींत घालतात. पूर्वीं हिरव्या चिठ्ठीच्या उजव्या भागावर ही यादी छापून येई. हव्या त्या औषधापुढें खूण करून तो भाग सर्जरींतल्या पेटींत टाकावयाचा. हल्लीं तेंच काम पुष्कळ लोक मोबाइलवरून करतात. दोन-तीन कामाचे दिवस गेले कीं डॉक्टरांची मंजुरी होऊन चिठ्ठी तारायंत्राच्याहि वेगानें रोग्यानें पसंत केलेल्या दुकानीं पोंचते. मुख्य गोष्ट ही कीं, यादीबरोबर एक तपासणीची तारीख असते. ती आली म्हणजे 'तेंच द्या' एवढें म्हणून भागत नाहीं, डॉक्टर किंवा औषधतज्ज्ञ यांच्याशीं बोलावें लागतें. पैशाची अडचण रोग्याच्या आड येऊं नये ह्याचीहि तेथें काळजी आहे. वेल्समध्यें २००७ पासून, उत्तर आयर्लंडांत २०१० पासून व स्कॉटलंडांत २०११ पासून चिठ्ठीवरील औषधास आकार पडत नाहीं. खुद्द इंग्लंडांत दर औषधामागें ठराविक आकार असतो, तो २०२४ च्या मे महिन्यांत ९.९० पौंड झाला. पण साठी ओलांडलेल्यांस तोहि माफ आहे.

हें सर्व पाहून आम्ही प्रथम अगदीं भारावून गेलों. परंतु एका आठवड्यांत बंधूंची गोळी संपली तेव्हां दुसरी बाजूहि दिसली. सर्जरी म्हणे चिठ्ठी पाठविली. दुकान म्हणे आली नाहीं. आणि आमचे बंधु छत्री घेऊन दोहोंमध्यें येरझाऱ्या घालीत होते. ही गैरसोय किरकोळ म्हणून सोडून देतां येईल. पण दुसरी गोष्ट किरकोळ नाहीं. २०२१ च्या सप्टेंबरांत इंग्लंडच्या सरकारनें गरजेहून अधिक औषधें दिलीं जाण्याच्या प्रश्नावर एक अहवाल प्रसिद्ध केला. रुग्णालयांबाहेर चिठ्ठ्यांवर जीं औषधें दिलीं जातात, त्यांपैकीं निदान शेंकडा १० देण्याची गरज नसावी, असा अंदाज त्यांत आहे. ज्या देशांत एक दवाखाना, एक यादी व एक तपासणीची तारीख आहे, तेथेंहि यादी आपल्याच वजनानें पुढें सरकत राहते, हें ह्यावरून दिसतें. यंत्र पुनरावृत्ति करूं शकतें. पुनर्विचार मनुष्यानेंच करावा लागतो.

हा भेद लक्षांत न आल्यास तो किती महागांत पडतो, हें आमच्याच कुटुंबांत दिसून आलें. आमच्या थोरल्या वहिनी साताऱ्यास राहतात, वय शहात्तर. रक्तदाबासाठीं त्या बरीच वर्षें ॲम्लोडिपिन नांवाची गोळी घेत. ही गोळी चांगली, स्वस्त व जगभर वापरांत असलेली आहे. पण तिच्यामुळें कांहीं जणांच्या घोट्यांवर सूज येते. तशी वहिनींच्याहि आली. नेहमींचे डॉक्टर त्या वेळीं परगांवीं गेले होते, म्हणून दुसऱ्यांस दाखविलें. त्यांनीं लघवी वाढविणारी, जिला आपल्याकडे 'पाण्याची गोळी' म्हणतात ती, लिहून दिली, आणि पुढें 'पंधरा दिवस' असें स्पष्ट लिहिलें. सूज थोडी उतरली. गोळ्या संपल्या तेव्हां पुतण्यानें रिकामें पाकीट दुकानांत नेलें. वहिनी जुन्या ग्राहक म्हणून दुकानदारांनीं आपुलकीनें दुसरें दिलें. तिसऱ्या महिन्यापासून तें नेहमींच्या पुडक्यांत आपोआप येऊं लागलें. पंधरा दिवसांचें औषध अकरा महिने चाललें.

वैशाखाच्या सुमारास वहिनींचा चालतांना तोल जाऊं लागला. आमटींत मीठ दोनदां पडूं लागलें. ज्या बाईंना घरांतल्या तीन पिढ्यांच्या तिथी तोंडपाठ, त्या नातवाला आपल्या दिवंगत भावाच्या नांवानें हांक मारूं लागल्या. घरांतल्या मंडळींनीं एकमेकांकडे पाहिलें, आणि 'वय झालें' हे दोन शब्द कोणीं न उच्चारतां सर्वांनीं ऐकले. कपाटाच्या किल्ल्या हळूच दुसरीकडे गेल्या. वहिनींच्या तें ध्यानांत आलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. पण त्या दिवसापासून त्यांनीं स्वयंपाकघरांत जाणें सोडलें.

त्या महिन्यांत दुकानावर मालकांच्या ऐवजीं त्यांची मुलगी बसली होती. औषधशास्त्राची पदवी तिनें नुकतीच घेतली होती. पुतण्यानें नेहमींप्रमाणें रिकामीं पाकिटें पुढें केलीं, तेव्हां तिनें विचारलें, "दादा, ही पाण्याची गोळी काकूंना कशासाठीं चालू आहे?"

पुतण्या म्हणाला, "नेहमींचीच आहे."

"नेहमींची कोणीं केली?" असें म्हणून तिनें मूळ चिठ्ठी आणावयास सांगितलें.

पुतण्यास राग आला. अकरा महिने बापानें जें विचारलें नाहीं, तें मुलीनें विचारावें ह्याचा त्यास विषाद वाटला. आणि ग्राहकास प्रश्न विचारणें हा आपल्याकडे बहुधा अविश्वासच समजला जातो. तरी त्यानें घरीं येऊन शोध केला. विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यांत चिठ्ठी सांपडली, आणि 'पंधरा दिवस' हीं अक्षरें सर्वांनीं वाचलीं. नेहमींच्या डॉक्टरांनीं त्याच दिवशीं रक्त तपासविलें. रक्तांतलें सोडियम दर लिटरास १३५ ते १४५ मिलिमोल असावें लागतें. वहिनींचें ११९ निघालें. वृद्ध माणसांत ह्या जातीच्या गोळ्यांनीं असें होऊं शकतें, आणि सोडियम उतरलें म्हणजे बुद्धीला भ्रम पडतो, हें वैद्यकांतलें जुनें ज्ञान आहे. गोळी बंद झाली. चार दिवस इस्पितळांत काढावे लागले, आणि पुढच्या दहाबारा दिवसांत वहिनी पूर्वींच्या वहिनी झाल्या. सुजेचें मूळ जी पहिली गोळी, तिची मात्रा डॉक्टरांनीं कमी केली व जोडीला निराळें औषध दिलें. पुरत्या सावध झाल्यावर वहिनींनीं पहिली गोष्ट केली ती ही कीं, कपाटाच्या किल्ल्या परत मागितल्या.

ह्या हकीकतींत दुष्ट कोणीच नाहीं. दुसऱ्या डॉक्टरांनीं मुदत लिहिली होती. दुकानदारांनीं आपुलकी दाखविली. पुतण्यानें एकहि महिना चुकूं दिला नाहीं. प्रत्येकानें आपलें कर्तव्य मनोभावें केलें, आणि त्या सर्वांच्या कर्तव्यनिष्ठेचें फळ वहिनींनीं भोगलें. त्या मुलीनें कोणतेंहि नवें औषध दिलें नाहीं; एक प्रश्न मात्र विचारला. आणि तो विचारतांना तिनें कांहीं विशेष केलें असेंहि नाहीं. चिठ्ठी पुढें आली म्हणजे औषध गरजेहून अधिक दिलें जात आहे काय, एकच औषध दोनदां आलें आहे काय, मुदत बरोबर आहे काय, हें औषधतज्ज्ञानें पाहावें, असें २०१५ च्या औषधव्यवसायविषयक नियमांत सांगितलेलेंच आहे. आमच्या व्यवसायांतहि पिवळ्या पडलेल्या टिपणांवरून वीस वर्षें तेंच व्याख्यान देणारे विद्वान आम्हीं पाहिले आहेत. सुदैव इतकेंच कीं त्यांच्या विद्यार्थ्यांचें सोडियम उतरत नाहीं; फक्त डोळे मिटतात.

वाचकांनीं ह्यावरून घरांतल्या गोळ्या आपल्या अकलेनें बंद कराव्या, असा अर्थ मात्र काढूं नये. विनाकारण गोळी घेणें जितकें अनर्थकारक, तितकेंच सकारण चालू असलेली गोळी चुकविणें. हृदयाची गति आवरणाऱ्या कांहीं गोळ्या, फेफऱ्यावरील गोळ्या, बरेच दिवस घेतलेलें स्टेरॉइड, हीं औषधें एकाएकीं थांबविलीं तर जिवावर बेततें. पुनरावृत्ति ही शत्रु नव्हे. रक्तदाबाची गोळी दिवसेंदिवस न चुकतां पोटांत गेली, म्हणूनच कित्येक घरांतील कर्तीं माणसें आज पक्षाघातावांचून हिंडत आहेत. म्हणून गोळी नियमानें घ्यावी, आणि तितक्याच नियमानें तिची चौकशीहि करावी.

ह्यासाठीं मोठ्या खटाटोपाची गरज नाहीं. मूळ चिठ्ठ्या बिलांच्या गठ्ठ्यांत न टाकतां एका फायलींत ठेवाव्या. औषधें होतां होईल तों एकाच दुकानांतून घ्यावीं, म्हणजे निदान एका माणसास तरी सगळी यादी ठाऊक राहते. यादी औषधांच्या मूळ नांवांनीं करावी. कारण एकच औषध दोन कारखान्यांच्या दोन नांवांनीं दोन डॉक्टरांकडून घरांत शिरतें, आणि रोगी तीं दोन्ही श्रद्धेनें घेतो. डॉक्टरांनीं औषधांचीं मूळ नांवें सुवाच्य अक्षरांत लिहावीं, असा नियम २०१६ सालीं वैद्यक परिषदेनें केला, त्याचा उपयोग करून घ्यावा. दर सहा महिन्यांनीं घरांतलीं यच्चयावत् औषधें एका पिशवींत घालून नेहमींच्या डॉक्टरांपुढें ओतावीं, आणि प्रत्येकीविषयीं दोनच गोष्टी विचाराव्या: ही कशासाठीं, आणि केव्हांपर्यंत. डॉक्टरांसहि आमची नम्र विनंति आहे कीं, 'तेंच चालू ठेवा' असें लिहितांना त्यांनीं पुढें महिन्यांचा एक आंकडा घालावा. त्यास एक क्षण लागतो, आणि त्या आंकड्यामुळें जुनें पुनर्मुद्रण सुधारलेल्या आवृत्तीच्या योग्यतेस चढतें.

औषध पुन्हां देणें हें दुकानाचें काम, आणि रोग्यास पुन्हां पाहणें हें डॉक्टरांचें. पुन्हां विचारणें हें काम मात्र घरांतल्या कोणासहि करतां येतें. आमच्या वहिनींनीं तें आपल्याकडे घेतलें आहे. दर महिन्यास पुडकें घरीं आलें कीं त्या चष्मा लावून तें स्वतः उघडतात, एकेक पाकीट हातांत घेतात, आणि नातवाला विचारतात, "ही कशासाठीं रे?" त्यास सांगतां आलें नाहीं, तर तें पाकीट घेऊन तो दुकानांत जातो व उत्तर घेऊन परत येतो. दुकानांतल्या त्या मुलीस आतां हा प्रश्न ऐकण्याची संवय झाली आहे.